पॉमेरियन इतका लहान कसा झाला?

ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये बेल वाजायच्या आत भुंकायला लागणारा तो पांढरा, झुपकेदार शेपटीचा 'पामेरियन' बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. परदेशी कुत्रे आणण्यावर तेव्हा निर्बंध होते आणि स्पिट्झ इथल्या उकाड्याला सरावलेला होता. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोंचा, स्पिट्झ त्याच्या दुपटीहून मोठा. पण कूळ एकच, त्यामुळे गल्लत व्हायचीच.

पॉमेरेनिया म्हणजे बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा, आज पोलंड आणि जर्मनीत विभागलेला प्रदेश. तिकडचे जुने, स्पिट्झ कुळातले कुत्रे चांगले अंगापिंडाने मोठे होते. तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिने १७६७ च्या सुमारास त्यांची एक जोडी इंग्लंडात आणवली. पुढे १७७७ च्या आसपास चित्रकार गेन्सबरोने आपल्या संगीतकार मित्राच्या, आबेलच्या, पॉमेरियन कुत्रीचं पिल्लासह चित्र काढलं. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातली कुत्री काही मांडीवर मावणारी नाही.

चित्र पालटलं ते शार्लटच्या नातीमुळे. राणी व्हिक्टोरिया १८८८ मध्ये फ्लॉरेन्सला गेली आणि तिथून मार्को नावाचा लहानखुरा, तांबूस पॉम घेऊन आली. १८९१ च्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात तिचे पॉम उतरले. राणीकडे आहे म्हटल्यावर सगळ्यांनाच लहान पॉम हवा झाला, आणि पैदास करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत लहान पिल्लं निवडून जोड्या लावल्या. १९०१ मध्ये राणीच्या मृत्युशय्येवर तिचा तुरी हा पॉम होता.

शरीर आटलं, स्वभाव मात्र मोठ्या कुत्र्याचाच राहिला. पॉम चौपट आकाराच्या कुत्र्यावरही बिनदिक्कत धावून जातो. जिन्यातल्या प्रत्येक पावलाची खबर देणं तो आपलं कामच समजतो. तेव्हा 'गप्प' हा हुकूम पिल्लूपणीच शिकवलेला बरा.

त्याची बरीचशी दुखणी या आकाराशीच जोडलेली आहेत. श्वासनलिका नाजूक असते, म्हणून दोरी गळपट्ट्याला न बांधता छातीभोवतीच्या हार्नेसला बांधावी. गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून सोफ्यावरून उड्या नकोत. छोट्या जबड्यात दातांची दाटी होते, तिथे ब्रशला पर्याय नाही. अगदी लहान पिल्लू फार वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर उतरून कोसळू शकतं.

केस दुहेरी असतात: आत मऊ लव, वर राठ आवरण. उन्हाळा आला की त्यावर मशीन फिरवायची टूम निघते. ती टाळाच, काढलेले केस कधी कधी नीट परत येत नाहीत, आणि उघड्या कातडीला ऊन लागतं ते वेगळंच. रोज विंचरणं, दुपारी पंखा आणि गार फरशी एवढ्यावर भागतं.

हल्ली 'टीकप पॉम' म्हणून आणखी लहान पिल्लं चढ्या भावात विकतात. अशी वेगळी जात नाही. ते फक्त आणखी बुटके पॉम, आणि वरची दुखणी त्यांना जास्तच छळतात.