साथीचा खर्च कोणी सोसायचा? कोरोनाकाळातील वित्तीय तुटीची पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आणि सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजमध्ये निर्बंध लागू झाले, ते १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे. बेळगाव मुंबई इलाख्यात असताना, प्लेगच्या धास्तीत झालेला हा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमात सरकारला व्यापक अधिकार दिले आहेत. उपाययोजनांचा खर्च कोणी व कसा सोसायचा, हेही सरकारनेच ठरवावे असे तेथे म्हटले आहे. पैसा कोठून उभा करायचा, याबद्दल मात्र कायदा गप्प आहे.

राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे सोपवले आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या साथींचा प्रतिबंध समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये या दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत, ठेवला. कर्जाच्या बाबतीत मात्र, केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला कलम २९३ नुसार केंद्राची संमती घ्यावी लागते. वित्तीय तुटीला, म्हणजे सरकारच्या खर्च आणि उत्पन्नातील कर्जाने भरून काढायच्या अंतराला, कायद्याने वेसण घालण्यात कर्नाटकाने २००२ मध्येच पुढाकार घेतला होता. केंद्राचा वित्तीय उत्तरदायित्व कायदा त्यानंतर, २००३ मध्ये आला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांनी आपले बरेच कर सोडून दिले आणि त्या बदल्यात पाच वर्षे, दरसाल १४ टक्के महसूलवाढ गृहीत धरून, नुकसानभरपाईची हमी मिळवली.

२०२०-२१ साठी केंद्राने देशांतर्गत उत्पन्नाच्या ३.५ टक्के तुटीचा अंदाज मांडला होता; प्रत्यक्षात ती ९.२ टक्क्यांवर गेली. ही सारी वाढ साथीने केलेली नव्हती. सरकारसाठी धान्य खरेदी करणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला अल्पबचतीतून दिली जाणारी आणि अंदाजपत्रकाबाहेर राहणारी कर्जे याच वर्षी हिशेबात घेण्यात आली. जुनी झाकलेली तूट उघड्यावर आणण्याचा हा निर्णय, अडचणीच्या वर्षी घेतला गेल्यामुळे, मला विशेष मोलाचा वाटतो.

साथीत करवसुली घटल्यावर, राज्यांना हमी दिलेल्या भरपाईच्या प्रश्नावर मात्र केंद्राने हात आखडता घेतला, असेच म्हणावे लागेल. ऑगस्ट २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी साथीला दैवी आपत्ती म्हटले आणि राज्यांपुढे कर्जाचे पर्याय ठेवले. राज्यांची कर्जमर्यादा त्याआधीच, मे महिन्यात, राज्याच्या उत्पन्नाच्या ३ वरून ५ टक्क्यांवर नेली होती, पण वाढीव मर्यादेचा मोठा भाग शिधापत्रिका, वीज वितरण अशा सुधारणांच्या अटींना बांधलेला होता. आरोग्याचा भार ज्यांच्यावर, त्यांनाच अटी पाळून उसनवारी करावी लागली. अखेर केंद्राने स्वतः १.१० लाख कोटी रुपये उचलून राज्यांना कर्जरूपाने दिले.

सीमाभागात या रचनेचे परिणाम अधिक उघडे पडतात. उपचारांसाठी बेळगाव गाठणारा चंदगडचा रुग्ण ज्या आरोग्यव्यवस्थेचा आधार घेतो, तिचा सरकारी खर्च बंगळुरूच्या तिजोरीतून होतो, आणि त्याचे स्वतःचे राज्य मुंबईतून वेगळा हिशेब चालवते. २०२१ मध्ये राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचा अहवाल मागितला जात होता, तेव्हा दोन्ही राज्ये एकाच केंद्राकडून आलेल्या त्या कर्जाचा आधार घेत होती. या कर्जाच्या परतफेडीसाठी भरपाई उपकराची, म्हणजे राज्यांच्या भरपाईसाठी काही वस्तूंवर लावलेल्या जादा कराची, मुदत जून २०२२ ऐवजी मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. सिगारेट, पानमसाला, मोटारी आणि शीतपेये अशा वस्तू घेणाऱ्यांनी ते कर्ज चुकते केले, निपाणीची विडी मात्र या उपकरातून वगळलेली होती.