मूळ अवयव किती आणि विभाजक किती?

‘७२ चे मूळ अवयव किती?’ आणि ‘७२ चे विभाजक किती?’ स्पर्धा परीक्षेच्या घाईत हे दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. पहिल्याचं उत्तर २, दुसऱ्याचं १२. सुरुवात मात्र दोन्हींची एकाच ओळीने होते: ७२ = २ × २ × २ × ३ × ३. गफलत होते ती इथेच. ओळ बरोबर लिहिलेली असते, पण तिच्यातून काय मोजायचंय ते निसटतं.

मूळ अवयवांसाठी त्या ओळीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्या मोजायच्या. २ आणि ३, झालं. (पुनरावृत्ती धरायला सांगितली असेल तर पाच.)

विभाजक मात्र ओळीत दिसत नाहीत, ते त्यातून निवडून तयार करावे लागतात. विभाजक, म्हणजे ७२ ला जिने पूर्ण भाग जातो अशी संख्या, बनवताना २ किती वेळा घ्यायचा? एकदाही नाही, एकदा, दोनदा किंवा तीनदा: चार पर्याय. ३ किती वेळा? एकदाही नाही, एकदा किंवा दोनदा: तीन पर्याय. ४ × ३ = १२. ‘घातांकात (म्हणजे मूळ संख्या जितक्या वेळा येते त्या आकड्यात) १ मिळवा आणि गुणा’ हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं, पण तो १ कुठून आला हे फार कमी जणांना सांगितलं जातं. तो ‘एकदाही नाही’ हा पर्याय आहे. २ आणि ३ दोन्ही सोडले की उरतो १, तोही विभाजकच.

एवढं कळलं की प्रश्न फिरवून विचारला तरी अडत नाही. सम विभाजक हवेत? मग २ किमान एकदा घ्यायलाच हवा: ३ × ३ = ९. विषम हवेत? २ ला हातच लावायचा नाही: १, ३, ९. पूर्ण वर्ग असलेले विभाजक हवेत? प्रत्येक मूळ अवयव जोडीनेच घ्यायचा, नाहीतर सोडायचा: १, ४, ९, ३६.

आता एक प्रश्न जपून सोडवा: सहाचा घन गुणिले चारचा वर्ग, या संख्येचे विभाजक किती? घातांक ३ आणि २ दिसतात, म्हणून हात लगेच ४ × ३ = १२ लिहितो. पण ६ आणि ४ मूळ संख्या नाहीत. सहाच्या घनात तीन २ आणि तीन ३ आहेत, चारच्या वर्गात आणखी चार २. एकूण सात २, तीन ३. विभाजक ८ × ४ = ३२, आणि मूळ अवयव पुन्हा दोनच.