प्रतिसादी संकेतस्थळरचना

एकच संकेतस्थळ मोबाइल, टॅब्लेट, लॅपटॉप किंवा सभागृहातला मोठा पडदा अशा कोणत्याही उपकरणावर वाचता आणि वापरता यावे, म्हणून पानाची मांडणी उपलब्ध रुंदीनुसार आपोआप बदलेल अशा रीतीने ते बांधण्याची पद्धती. व्यवसायात ती ‘रिस्पॉन्सिव्ह’ याच नावाने चालते. मजकूर एकच, पत्ता एकच. बदलते ती मांडणी. मोबाइलसाठी निराळी साइट ठेवण्याचा जो रिवाज २०१० च्या आगेमागे रूढ होता, तो या पद्धतीमुळे मागे पडला. मांडणी बदलली एवढ्याने साइट वापरण्याजोगी होत नाही, हे मात्र आरंभीच नोंदवले पाहिजे. आयएसओ ९२४१ या मानकाचा अकरावा भाग (१९९८) उपयोज्यतेच्या तीन कसोट्या सांगतो: परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान, आणि त्याही ठरावीक वापरकर्ता, ठरावीक उद्दिष्ट व ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भात. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आजोबा नातवाच्या जुन्या फोनवर आरतीची वेळ शोधत असतील, तर कसोटी त्या आजोबांची आणि त्या फोनवरची.

प्रस्तुत नोंदीत बडोद्यातील मराठी संकेतस्थळे विशेषत्वाने डोळ्यांसमोर ठेवली आहेत. बडोद्याच्या मराठी कुटुंबांत घरची भाषा मराठी, तर शाळेची गुजराती किंवा इंग्रजी असा प्रकार सर्रास आढळतो. त्यामुळे देवनागरी आणि गुजराती या लिप्या एकाच पानावर शेजारी येतात, आणि केवळ लॅटिन अक्षरे समोर ठेवून केलेले मांडणीचे नियम कोठे अपुरे पडतात ते येथे चटकन दिसते.

उगमाविषयीची मते : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत सिद्ध केलेले पहिले संकेतस्थळ (१९९१) केवळ मजकुराचे होते. त्याला ठरावीक रुंदी नव्हती आणि खिडकी लहानमोठी केली की ओळी आपोआप वळत. या आधारावर वेब जन्मतःच लवचीक होते, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष हॉकून व्हिउम ली यांच्या १० ऑक्टोबर १९९४ च्या सीएसएसविषयक (म्हणजे पानाची शैली ठरवणाऱ्या नियमभाषेविषयीच्या) प्रस्तावाकडे बोट दाखवतो. उपकरणाच्या गुणधर्मांनुसार शैली बदलण्याची कल्पना त्यात बीजरूपाने सापडते. सीएसएसची पहिली पातळी डिसेंबर १९९६ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेची शिफारस म्हणून मान्य झाली. १९९८ च्या दुसऱ्या पातळीत पडदा, छपाई, हातातले उपकरण असे माध्यमप्रकार आले. त्यांपैकी हातातल्या उपकरणाचा प्रकार फारसा उपयोगी पडला नाही, कारण पुढे आलेले स्मार्टफोन स्वतःची ओळख सरळ ‘पडदा’ अशीच देऊ लागले.

मधल्या काळात उलटाच प्रवाह जोरात होता. छापील माध्यमातून आलेले रचनाकार तक्त्यांचे चौकोन आणि एक पिक्सेलची अदृश्य चित्रे वापरून पान खिळवून ठेवत. आधी ६४० पिक्सेल रुंदीचा पडदा प्रमाण धरला जाई, मग ८००, मग १०२४. १०२४ च्या पडद्यासाठी ९६० पिक्सेलची रकान्यांची जाळी लोकप्रिय झाली, कारण ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ अशा अनेक संख्यांनी भाग जातो आणि रकाने सोयीने पडतात. या खिळलेपणाविरुद्धचा पहिला ठोस वैचारिक आक्षेप ऑस्ट्रेलियातील जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात मांडला. पानावर संपूर्ण ताबा असणे ही छापील कागदाच्या मर्यादेतून आलेली सवय आहे, वेबचा तो गुण नव्हे, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार. प्रत्यक्ष उदाहरणांत आउडी या मोटार कंपनीचे २००१ च्या अखेरीचे संकेतस्थळ खिडकीच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे पहिले म्हणून सांगितले जाते. २००४ मध्ये कॅमेरॉन ॲडम्स यांनी जावास्क्रिप्टच्या साहाय्याने तसेच प्रात्यक्षिक दाखवले.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट यांचा लेख त्याच ‘अ लिस्ट अपार्ट’मध्ये आला. प्रवाही जाळी, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी या तीन गोष्टी (खुलासा पुढे ‘घटक’ येथे) त्यांनी एकत्र बांधल्या आणि त्या बांधणीला नाव दिले. ते नाव माणसांच्या वावरानुसार बदलणाऱ्या वास्तुरचनेवरून सुचले होते. तिन्ही घटक सुटे सुटे आधीपासून होते, हे खरे. तरीही कल्पनेचा उगम आणि पद्धतीचा उगम वेगळे धरावेत आणि पद्धती २०१० ची मानावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याला बाह्य कारणही आहे. २००७ मध्ये आयफोन आला, त्याच्या ब्राउझरने ९८० पिक्सेल रुंदीचे पान गृहीत धरून ते आक्रसून दाखवले, आणि चिमटीने मोठे करून वाचण्याचा जाच लाखो वाचकांच्या वाट्याला आला. त्याआधी प्रश्नच एवढा व्यापक नव्हता. मीडिया क्वेरी औपचारिक शिफारस झाल्या त्या जून २०१२ मध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापर रुळल्यानंतर.

घटक : प्रवाही जाळीचे गणित साधे आहे. रकान्याची रुंदी भागिले त्याला सामावणाऱ्या चौकटीची रुंदी. ९६० च्या चौकटीत ३०० चा रकाना म्हणजे ३१.२५ टक्के, पुढे चौकट कितीही झाली तरी प्रमाण टिकते. चित्राला कमाल रुंदी शंभर टक्के दिली की ते चौकटीबाहेर जात नाही. मीडिया क्वेरी म्हणजे अट: रुंदी अमुक इतकी असेल तर हे नियम लागू. ज्या रुंदीवर मांडणी बदलते तिला ब्रेकपॉइंट म्हणतात. बाजारातल्या फोनांची मापे पाहून ब्रेकपॉइंट ठरवण्याची चाल अजून दिसते, पण मॉडेले दरवर्षी बदलतात. खिडकी हळूहळू अरुंद करत जावे आणि मजकूर जेथे कोंडू लागेल तेथे ब्रेकपॉइंट ठेवावा, हीच रीत टिकाऊ. ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ पासून मांडलेला ‘मोबाइल आधी’ हा विचार यालाच पूरक आहे: लहान पडद्यापासून आरंभ केला की पानावर खरोखर काय हवे ते आधी ठरवावे लागते.

पानाच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान उपकरणाच्या रुंदीइतके धरा असे ब्राउझरला सांगणारी, ओळ नसेल तर वरील सारे व्यर्थ जाते. फोन पुन्हा ९८० पिक्सेलच गृहीत धरतो. येथील पिक्सेल म्हणजे काचेवरचा भौतिक ठिपका नव्हे. २०१० च्या आयफोन ४ ची काच ६४० ठिपके रुंद होती, तरी सीएसएसच्या हिशेबाने ती ३२० पिक्सेलच. फ्लेक्सबॉक्स आणि २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आलेले ग्रिड या सीएसएसमधील मांडणीच्या सोयींमुळे जाळीचे गणित हाताने करण्याची गरज बरीच कमी झाली. २०२२–२३ मध्ये आलेल्या कंटेनर क्वेरींमुळे अट पडद्याऐवजी तुकड्याभोवतीच्या चौकटीवर लावता येऊ लागली.

देवनागरी आणि गुजराती : या बाजूकडे पाठ्यपुस्तकी विवेचनात क्वचितच लक्ष जाते, आणि मराठी साइट मोबाइलवर ‘तुटते’ ती बहुधा येथेच.

पहिला प्रश्न शब्दाच्या लांबीचा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहितात. हिंदीत ‘नगर निगम की ओर से’ हे पाच शब्दांत सुटे पडते आणि कोठेही वळते. मराठीत ‘महानगरपालिकेकडून’ हा एकच शब्द. ३२० पिक्सेलच्या पडद्यावर मोठ्या ठशातला असा मथळा उजव्या काठाबाहेर जातो आणि सगळे पान आडवे सरकू लागते. कोठेही तोडण्याची मुभा दिली तर ब्राउझर संयोगचिन्हाशिवाय तोडतो आणि वाचणारा अडखळतो. मथळ्याचा ठसा रुंदीनुसार लहान होऊ देणे, आणि ‘महानगर’ व ‘पालिकेकडून’ यांच्यामध्ये गरज पडली तरच उमटणारे मृदू संयोगचिन्ह घालणे, हा हाताने करावा लागणारा पण चांगला उपाय आहे.

दुसरा प्रश्न उंचीचा. ‘विद्यार्थ्यांची’ या शब्दात रेफ, वेलांटी आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर ‘राष्ट्रकूट’ यात जोडाक्षर आणि उकार खाली. लॅटिनसाठी पुरेसे असणारे १.२ पट ओळींचे अंतर येथे मात्रा कापते, विशेषतः बटणांत आणि मेनूत, १.६ च्या आसपास ठेवलेले बरे. गुजरातीला शिरोरेषा नाही. त्यामुळे अक्षरांत अंतर वाढवण्याचा नियम गुजराती मथळ्यात खपून जातो, पण तोच नियम शेजारच्या मराठी मथळ्याला लागला की शिरोरेषेचे तुकडे पडतात. द्वैभाषिक पानात प्रत्येक भाषेच्या तुकड्याला भाषेची खूण लावून नियम वेगळे ठेवणे, हा यावरचा खरा उपाय. तीच खूण पडदावाचकाला (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या साधनाला) योग्य आवाज निवडायला सांगते, आणि काही फाँटांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे तिच्यामुळेच उमटतात. मराठी पानावर हिंदीची खूण ठेवण्याची हयगय म्हणूनच क्षुल्लक समजू नये.

फाँटही जोडीने निवडावे लागतात. दोन लिप्यांचे फाँट वेगवेगळ्या घराण्यांतले असले तर एक मजकूर ठसठशीत आणि दुसरा मिणमिणता दिसतो. ‘एक टाइप’ या फाँट-संस्थेच्या ‘मुक्त’ घराण्यातील देवनागरी आणि त्याचाच गुजराती भाऊ ‘मुक्त वाणी’, किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा देवनागरी ‘हिंद’ आणि या शहराचेच नाव धारण करणारा गुजराती ‘हिंद वडोदरा’, अशा जोड्या मोफत उपलब्ध आहेत. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीत देवनागरी आणि गुजराती यांचे संकेतांचे पट्टे वेगळे असल्याने, पानावर गुजराती अक्षर नसेल तर गुजराती फाँट उतरवूच नये असे ब्राउझरला सांगता येते. स्वस्त फोन आणि क्षीण नेटवर्क असलेल्या वाचकाचे पान त्यामुळे लवकर उघडते.

तिसरा प्रश्न अक्षरसंख्येचा. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द वाचणाऱ्याला चार अक्षरांचा. युनिकोडच्या लेखी त्यात दहा चिन्हे, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत त्याला ३० बाइट लागतात. इंग्रजी नावे समोर ठेवून घातलेली नावाच्या रकान्याची मर्यादा मराठी नाव अर्ध्यावर छाटते. याहून घातक म्हणजे अदृश्य जोडचिन्हे (जोडाक्षर कसे दिसावे हे ठरवणारी, स्वतः न दिसणारी चिन्हे) गाळून टाकणारी यंत्रणा. जुन्या पद्धतीने अर्धा र या जोडचिन्हावर विसंबून टंकलेला असेल, तर ते गळताच ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ होते, आणि स्वयंपाक्याचे निमंत्रण गुरूला जाते. अशी चूक वापरकर्त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर तर फोनवर निरर्थक लॅटिन चिन्हांचा ढीग म्हणून उमटतो. जुन्या स्मरणिका आणि कार्यवृत्ते वेबवर आणताना आधी युनिकोडांतर करणे अपरिहार्य आहे. कार्यक्रमपत्रिकेचे चित्र जसेच्या तसे चढवण्याची सवयही याच वर्गात मोडते: चित्रातला मजकूर वळत नाही, शोधात सापडत नाही, पडदावाचकाला ऐकू येत नाही. गणेशोत्सव मंडळाने दहा दिवसांचा कार्यक्रम साध्या मजकुरात दिला, तर निम्म्या तक्रारी मिटतात.

रुंद तक्ते : महाराज सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांच्या आश्रयाने १९३१ मध्ये ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारविषयक संज्ञांचा आठ भाषांतील कोश बडोद्यात सिद्ध झाला. असा कोश ३६० पिक्सेलच्या पडद्यावर आणायचा तर आठ रकाने मावणे अशक्य. अरुंद पडद्यावर प्रत्येक नोंद उभ्या पत्त्यासारखी मांडावी, भाषेचे नाव डावीकडे आणि प्रतिशब्द उजवीकडे. रुंद पडद्यावर त्याच मजकुराचा तक्ता व्हावा. त्या आठ भाषांतील उर्दू आणि फारसी उजवीकडून डावीकडे जातात, म्हणून समास ‘डावा–उजवा’ असे न सांगता ‘आरंभीचा–अंतीचा’ असे सांगणारे सीएसएसचे तार्किक गुणधर्म वापरावेत.

उपयोज्यतेचे निकष : डब्ल्यूसीएजी २.१ (जून २०१८) या वेब-सुगम्यतेच्या निकषांनुसार १२८० पिक्सेल रुंद खिडकीतले पान ४०० टक्के मोठे केले, म्हणजे परिणामी रुंदी ३२० उरली, तरी आडवे सरकवावे लागू नये. डोळे कमजोर असलेल्या वाचकाने लॅपटॉपवर अक्षरे मोठी केली की त्याला मोबाइलची मांडणी मिळते. प्रतिसादी रचनेचा हा लाभ फोनवरच्या लाभाइतकाच मोलाचा आहे. बोटाने दाबण्याच्या जागेचे किमान माप आवृत्ती २.२ (ऑक्टोबर २०२३) मध्ये २४ पिक्सेल आहे. अधिक कडक पातळी ४४ मागते. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा विरोध किमान ४.५ : १ असावा. भगव्यावर पिवळी अक्षरे, हा उत्सवी पानांचा लाडका मेळ, या कसोटीला उतरत नाही. फोन क्रमांकाच्या रकान्यात आकड्यांचा कळफलक उघडावा. रकान्यातला ठसा १६ पिक्सेलहून लहान ठेवला तर आयफोनचा ब्राउझर पान आपोआप मोठे करतो आणि मांडणी हलते.

भारतात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली. तिसरी आवृत्ती २०२३ ची. २०१७ चा जिओफोन २४० पिक्सेल रुंद पडद्याचा होता, म्हणजे निकषातील ३२० हा आकडाही भारतीय वाचकासाठी तळ नव्हे.

छपाई : माध्यमप्रकारांपैकी छपाई हा सर्वांत दुर्लक्षित. घरोघरी अजून कार्यक्रमपत्रिका कागदावर काढून शीतकपाटावर लावली जाते. छपाईच्या नियमांत मेनू आणि रंगीत पार्श्वभूमी वगळावी, दुव्यापुढे त्याचा पत्ता उमटवावा, आणि एका दिवसाचा कार्यक्रम दोन कागदांत तुटणार नाही अशी सूचना द्यावी. यांपैकी प्रत्येकाला एकदोन ओळींची सीएसएस पुरते.