रक्तवाहिनीजन्य सौम्य बोधनऱ्हास : मेंदूचे चित्रण

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे लक्ष, विचाराचा वेग किंवा स्मृती वयाच्या मानाने खालावते, पण माणूस रोजचे व्यवहार स्वतः सांभाळू शकतो, अशी ही अवस्था. व्यवहारच कोलमडले की तिला रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंश म्हणतात.

अल्झायमरमध्ये बहुधा आधी स्मृती जाते, इथे आधी वेग मंदावतो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हयात घालवलेल्या दिवाणजींना शेतकऱ्यांची नावे बरोबर आठवतात, पण हमाली-तोलाई वजा करून पट्टी करताना ते अडकतात. घरचे ते वयावर घालतात आणि तपासणी लांबते.

चित्रणात एमआरआय सर्वांत उपयोगी. फ्लेअर या एमआरआयच्या एका पद्धतीच्या चित्रात मेंदूच्या आतील श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंच्या थरात, पांढरे डाग दिसतात. त्यांची तीव्रता मोजायला 1987 पासून फाझेकास श्रेणी वापरतात: 0 म्हणजे डाग नाहीत, 3 म्हणजे एकमेकांत मिसळून पसरलेले. बारीक रक्तवाहिनी पूर्वी बंद पडल्याच्या जुन्या खुणा म्हणजे लॅक्यून, साधारण 3 ते 15 मिलिमीटरच्या पोकळ्या. सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके एसडब्ल्यूआय या एमआरआयच्या दुसऱ्या पद्धतीच्या चित्रात नीट उठतात. ते खोलवर असतील तर संशय उच्च रक्तदाबावर जातो. फक्त मेंदूच्या बाहेरच्या भागात असतील तर वाहिन्यांच्या भिंतीत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनावर. या खुणांच्या व्याख्या 2013 मध्ये ‘स्ट्राइव्ह’ या निकषांनी एकसारख्या केल्या. सीटी स्कॅनमध्ये रक्तपुरवठा तुटून झालेले मोठे आघात कळतात, सूक्ष्म रक्तस्राव मात्र निसटतात.

फिल्मची पिशवी घेऊन राजारामपुरीतल्या दवाखान्यात येणारे नातेवाईक रिपोर्टमधल्या ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ (बारीक वाहिन्यांतून रक्त कमी पडल्याने झालेले बदल) या ओळीवर बोट ठेवतात. साठीनंतर थोडे डाग पुष्कळांना असतात. तेवढ्यावर निदान होत नाही. डागांच्या संख्येपेक्षा जागा महत्त्वाची: थॅलॅमस या मेंदूच्या मध्यातील संदेशकेंद्रासारख्या मोक्याच्या ठिकाणी एकच लहान आघात माणसाला पार बदलून टाकू शकतो. म्हणून बोधनचाचणी (लक्ष, वेग, स्मृती यांची तपासणी) आणि चित्र शेजारी ठेवूनच वाचावे लागते. हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग आक्रसलेला असेल तर सोबत अल्झायमर असण्याची शक्यता धरतात. उतारवयात दोन्ही एकत्र असणे नवलाचे नाही.

गावात दोष तांबड्या रश्श्यावर ढकलायची हौस आहे. पण मोठा गुन्हेगार उच्च रक्तदाब, त्याच्या जोडीला मधुमेह आणि धूम्रपान. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत (2019) वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बोधनऱ्हास कमी आढळला आणि श्वेतद्रव्यातील डागही कमी वाढले; मेंदूचे एकूण आकारमान मात्र किंचित जास्त घटले. त्या चाचणीत मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण घेतले नव्हते. कोल्हापुरातल्या ओपीडीत बीपी आणि शुगर पुष्कळदा एकाच केसपेपरवर असतात, त्यामुळे तिथे औषधाचे उद्दिष्ट डॉक्टर रुग्णागणिक ठरवतात.