एफएसआय वेगळा, उंची वेगळी: टॉवरला विरोध करताना नेमका कशाला विरोध करतोय?

गिरगावात आता कुठल्याही गल्लीत मान वर केली की क्रेन दिसते. खोताच्या वाडीसारख्या लाकडी जिन्यांच्या, व्हरांड्यांच्या ठेंगण्या घरांच्या शेजारी टॉवर येणार अशी कुणकुण लागली की लोक महापालिकेला हरकतीचं पत्र लिहायला बसतात, आणि त्यात हमखास एक वाक्य असतं, "एवढा एफएसआय देऊन एवढी उंच इमारत बांधायला आमचा विरोध आहे." भावना शंभर टक्के खरी आहे, पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्यात आणि म्हणूनच ते पत्र टोलवायला सोपं जातं, उंचीचं विचारलं की उत्तर येतं एफएसआय नियमात आहे, एफएसआयचं विचारलं की फायर ब्रिगेडची एनओसी पुढे करतात.

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करायचं ते. 1000 चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय 3 असेल तर 3000 चौरस मीटर बांधता येतं, बस्स, त्यात किती मजले हे कुठेच आलेलं नाही. अर्ध्या प्लॉटवर इमारत पसरवली तर 6 मजल्यांत काम होतं, आणि पाचव्या भागावरच बांधली तर तेच 3000 मीटर 15 मजले वर जातं. पीठ तेवढंच, जाड थापा नाहीतर पातळ.

म्हणजे एफएसआय ठरवतो माणसं किती येणार, पाणी किती लागणार, गटारावर आणि रस्त्यावर भार किती पडणार. उंची ठरवते ऊन कोणाचं अडणार, वाडीच्या कौलांमागे आकाशात काय दिसणार, आग लागली तर शिडी कुठवर पोचणार.

पॅरिस बघा. तिथे 1973 मध्ये 210 मीटरचा मॉन्टपार्नास टॉवर झाला, लोक इतके चिडले की नंतर शहरात 37 मीटरची मर्यादा आली, मधे 2010 च्या सुमाराला काही भागांत ती सैल केली आणि 2023 मध्ये परत 37 वर आणली. तरी पॅरिस विरळ शहर नाही, जवळजवळ 105 चौरस किलोमीटरमध्ये 20 लाखांवर माणसं राहतात, बहुतेक सहा-सात मजल्यांच्या इमारतींत. त्यामुळे "दाटीवाटीचं शहर आहे, टॉवरशिवाय पर्याय नाही" असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही.

आता मुंबईत या दोघांची फारकत कुठे होते ते नीट बघायला हवं, कारण खरी मेख इथेच आहे. शहर भागात मूळ एफएसआय 1.33. पण जुन्या सेस इमारतींच्या (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या इमारती) पुनर्विकासाला विकास नियमावलीच्या 33(7) खाली 3, किंवा भाडेकरूंच्या पुनर्वसनाला लागेल तेवढं अधिक त्यावर इन्सेंटिव्ह, म्हणजे बिल्डरला मिळणारं जास्तीचं बांधकाम (एकाच प्लॉटची स्कीम असेल तर 50 टक्के), यातलं जे जास्त असेल ते मिळतं. वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे मंजूर एफएसआयवर मिळणारं आणखी बांधकाम. जिने, लिफ्ट, लॉबी प्रीमियम भरून एफएसआयबाहेर. आणि पार्किंगचे पोडियम (इमारतीच्या तळाचे गाड्यांचे मजले) एफएसआयमध्ये मोजतच नाहीत! म्हणजे आपल्या 1000 मीटरच्या प्लॉटवर 3 अधिक फंजिबल धरून 4050 मीटर झालं, पाचव्या भागावर बांधलं तर साधारण 20 मजले, त्याखाली पाच-सहा मजले नुसत्या गाड्यांचे. वाडीतल्या माणसाच्या खिडकीसमोर जी भिंत उभी राहते ती बऱ्याचदा याच पोडियमची असते, घरांची नाही. एफएसआयवर कितीही भांडलात तरी ती भिंत हलणार नाही, कारण एफएसआयच्या हिशोबात ती नाहीच.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. 33(7) चा जास्तीचा एफएसआय आला तो चाळीतल्या लोकांसाठी. दहा बाय बाराच्या खोलीत, मजल्यावर सामायिक संडास, पावसाळ्यात टेकू लावलेला जिना, अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या कुटुंबाला किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं त्यातून. सरसकट "एफएसआय कमी करा" म्हटलं की आपण बिल्डरच्या आधी त्या कुटुंबाच्या विरोधात उभे राहतो, आणि चाळवाले विरुद्ध वाडीवाले असं भांडण लागतं, जे गिरगावात अजिबात व्हायला नको. पोडियम कमी करा, इमारत बसकी करा, वाडीच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांनी उतरती ठेवा, ही मागणी मात्र चाळीतल्या कोणाचंही घर काढून घेत नाही.

बसक्या इमारतीची किंमत असते हेही खरं. ती प्लॉट जास्त व्यापते, मोकळी जागा कमी उरते. आणि चाळ फारच दाट असेल तर नुसतं पुनर्वसनच प्लॉटच्या तिप्पट जातं, त्यावर इन्सेंटिव्ह धरून 4.5, फंजिबल धरून 6 च्या वर, म्हणजे अर्धा प्लॉट व्यापूनही 12 मजले होणारच. तिथे मग टीडीआरचा, म्हणजे एका प्लॉटचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेण्याचा, विचार व्हायला पाहिजे. हेरिटेज यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेलं बांधकाम टीडीआर म्हणून दुसरीकडे वापरता येतं, ही सोय 1995 च्या हेरिटेज नियमांपासून आहे. माझं मत असं की वाडीला चिकटून असलेल्या प्लॉटची बिल्डरच्या विक्रीची घरंही अशीच दुसरीकडे जावीत, पुनर्वसनाची तेवढी तिथेच राहावीत.

पुण्यात आणखी तिसराच प्रकार आहे, शनिवारवाड्याभोवती केंद्राच्या पुरातत्त्व कायद्याने 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण, तिथे मुख्य निकष अंतराचा, त्यामुळे कसब्यातल्या वाड्यांचं दुखणं गिरगावच्या पत्रात मिसळू नका.

हरकत कधी घ्यायची हेही दोघांचं वेगळं आहे. एफएसआय हा धोरणाचा विषय, तो बदलायचा असेल तर राज्याच्या नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 37 खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, तो महिना गेला की एखाद्या इमारतीपुरतं त्यावर बोलून उपयोग नाही. उंची, पोडियम, बाजूच्या मोकळ्या जागेतली सवलत हे त्या-त्या प्रस्तावात ठरतं, तिथे जाहीर सुनावणी वगैरे नसते, आपणच मागे लागावं लागतं. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव टाकून मंजूर प्लॅन बघा, नसेल तर महापालिकेच्या बिल्डिंग प्रपोजल खात्यात माहिती अधिकार टाका, आणि तीन गोष्टी शोधा: पोडियम किती मजल्यांचा, वाडीच्या बाजूला किती मीटर सोडलेत, आणि तिथे नियमापेक्षा कमी जागा सोडायची सवलत घेतली आहे का. घेतली असेल तर पत्राची सुरुवात तिथून करा.