शॅक की कोबे: २००४ साली लेकर्सपुढचा पेच

संघातल्या दोन बड्या खेळाडूंचं पटेनासं झालं की कोणाला जाऊ द्यायचं, या वादात एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे चाहते आजही लॉस एंजेलिस लेकर्सचा दाखला देतात. शकील 'शॅक' ओ'नील आणि कोबे ब्रायंट दोघेही १९९६च्या उन्हाळ्यात लेकर्समध्ये आले. शॅक ऑर्लँडोचा संघ सोडून, सुमारे १२ कोटी डॉलरच्या करारावर. कोबे शाळेतून थेट. शार्लटच्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलेल्या या पोराला लेकर्सचे व्यवस्थापक जेरी वेस्ट यांनी आपला खेळाडू व्लादे दिवाच याच्या बदल्यात मिळवलं. पुढे फिल जॅक्सन प्रशिक्षक झाले आणि २०००, २००१, २००२ अशी सलग तीन विजेतेपदं आली. तिन्ही अंतिम मालिकांचा सर्वोत्तम खेळाडू शॅक.

कुरबुरी मात्र जिंकत असतानाच सुरू होत्या. चेंडू आधी कोणाकडे जायचा, हे मूळ भांडण. शॅकचं वजन आणि त्याने हंगामाच्या तोंडावर उरकलेली पायाच्या बोटाची शस्त्रक्रिया कोबेला खटकायची. त्यात पैशाचा प्रश्न. ऑक्टोबर २००३ मध्ये हवाईतल्या एका सराव सामन्यात शॅकने भर कोर्टवरून मालक जेरी बस यांच्याकडे बघत, माझे पैसे द्या, असं ओरडून सांगितलं. तेव्हा त्याचा पगार वर्षाला अडीच कोटी डॉलरच्या वर होता! बस तो करार त्याच दराने वाढवायला राजी नव्हते.

जून २००४ मध्ये डेट्रॉइटने लेकर्सविरुद्धची अंतिम मालिका ४-१ अशी जिंकली आणि सगळं उघड्यावर आलं. जॅक्सन यांचा करार वाढवला गेला नाही. शॅकने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, मागितला.

'शॅक की कोबे' असा हा वाद रंगवला जातो खरा, पण माझ्या मते निवड तेवढी मोकळी नव्हतीच. कोबे आपल्या करारातून बाहेर पडून मोकळा झाला होता. तो लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या संघाकडे, क्लिपर्सकडे, गेला असता तर लेकर्सच्या हाती काहीच लागलं नसतं. शॅकचा करार शिल्लक होता, म्हणून त्याच्या बदल्यात काहीतरी मिळणार होतं. शिवाय तो बत्तीस वर्षांचा, कोबे पंचविशीतला.

१४ जुलैला शॅक मायामी हीटकडे गेला. बदल्यात लामार ओडम, कॅरॉन बटलर, ब्रायन ग्रँट आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीची एक निवड आली. ग्रँटचा यात उपयोग मुख्यतः पगाराची बेरीज जुळवण्यापुरता. एनबीएत दोन्ही बाजूंचे पगार ठरलेल्या मर्यादेत बसल्याशिवाय असा सौदा होत नाही. दुसऱ्याच दिवशी कोबेने सात वर्षांचा, सुमारे १३.६ कोटी डॉलरचा करार केला.

पुढच्या हंगामात लेकर्स ३४ जिंकले, ४८ हरले. मायामीने २००६ मध्ये विजेतेपद मिळवलं. २००७ मध्ये तर खुद्द कोबेच ट्रेड मागू लागला. पण बटलरला देऊन आणलेला क्वामे ब्राउन, ज्याची लोकांनी यथेच्छ टिंगल केली, त्याचाच करार फेब्रुवारी २००८ मध्ये मेम्फिसकडून पाऊ गसॉलला आणताना पगार जुळवायला कामी आला. ओडम टिकून राहिला, जॅक्सनही २००५ मध्येच परतले होते, आणि कोबेच्या लेकर्सनी २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन विजेतेपदं जिंकली.