गाईच्या यकृताच्या दारातलं रक्त

जनावराचं रक्त तपासायचं तर मानेची शीर धरायची, ही नेहमीची रीत. पण मानेतलं रक्त सगळ्या अंगातून फिरून, मिसळून आलेलं असतं. सकाळच्या कडब्याचं आणि आंबोणाचं काय झालं, पोटातून किती रक्तात उतरलं, यकृतानं त्यातलं किती उचललं, हा हिशेब तिथे लागत नाही. तो यकृताच्या दारात लागतो.

हे दार म्हणजे पोर्टल शीर. कोटीपोट (चारा आंबतो ते गाईचं सगळ्यात मोठं पोट), बाकीची पोटं, आतडी, प्लीहा, स्वादुपिंड, साऱ्यांकडचं रक्त या एका शिरेतून यकृतात शिरतं. मोठ्या दुभत्या गाईत हा प्रवाह तासाला १००० लिटरच्याही वर असतो. काम आटोपलं की तेच रक्त हेपॅटिक शिरांतून बाहेर पडतं.

आपण भाकरी खाल्ली की पिठाची साखर होऊन रक्तात जाते. गाईचं तसं नाही. कोटीपोटातले जंतू चारा आंबवून त्याची अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं करतात. तयार साखर रक्तात फार थोडी पोचते. लागणारं बहुतेक ग्लुकोज यकृतच बनवतं, मुख्यतः प्रोपिओनेटपासून. २० लिटर दूध देणाऱ्या गाईच्या दुधातून रोज जवळजवळ १ किलो दुग्धशर्करा बाहेर जाते, आणि तिच्यासाठी लागणारं ग्लुकोज यकृताला रोज नव्यानं घडवावं लागतं! शिवाय कोटीपोटातून आलेल्या विषारी अमोनियाचा युरिया करायचं कामही त्याचंच.

दारातलं आणि पलीकडचं, दोन्ही रक्तं हाती आली की फरक दिसतो. पूर्वी त्यासाठी गाईचं पोट उघडून शिरांमध्ये नळ्या बसवत. मोठं ऑपरेशन, नंतर जखमेची काळजी, आणि रक्त गोठून नळी बंद पडली की सगळी मेहनत वाया. आज दूध देणाऱ्या गाईला केवळ एका नमुन्यासाठी एवढं सोसायला लावणं मला पटत नाही.

इथे सोनोग्राफी कामी येते. झुरिचचे पशुवैद्य उएली ब्राउन यांनी १९९० मध्ये गाईचं यकृत पडद्यावर कसं दिसतं याचं बारकाईनं वर्णन प्रसिद्ध केलं. कोटीपोट डावीकडची जागा अडवून बसतं, त्यामुळे यकृत उजवीकडे सरकलेलं असतं. म्हणून गाय खोड्यात उभी ठेवून उजव्या बरगड्यांमधले केस काढायचे, स्पिरिट आणि जेल लावून प्रोब टेकवायचा. साधारण ३.५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३५ लाख कंपनांच्या लहरी आत जातात. १० सेंटिमीटरवरचा प्रतिध्वनी सेकंदाच्या सुमारे साडेसात हजाराव्या भागात परत येतो.

पडद्यावर यकृत करडं, दाणेदार दिसतं आणि रक्त काळंभोर. पोर्टल शिरेच्या भिंती पांढऱ्या, ठळक. हेपॅटिक शिरांच्या पुसट. या खुणेवरून दोन्ही ओळखता येतात. मग कातडी बधिर करून लांब, बारीक सुई घालायची, तीही मागच्या बरगडीच्या पुढच्या कडेला धरून, कारण प्रत्येक बरगडीच्या मागच्या कडेनं तिची स्वतःची शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात. गाईच्या श्वासाबरोबर यकृत मागेपुढे सरकतं, शीरही हलते. हात स्थिर ठेवून पडद्यावर सुईची जी पांढरी रेघ दिसते तिचं टोक शिरेच्या काळ्या पट्ट्यात शिरताना पाहायचं. टोक दिसेनासं झालं की थांबायचं; अंदाजानं पुढे ढकलायचं नाही.

रक्त पोर्टल शिरेतलंच आहे ना, याची खात्री अमोनियावरून करता येते. यकृतात शिरण्याआधीच्या रक्तात तो मानेतल्या रक्तापेक्षा बराच जास्त असतो. मात्र एका सुईनं फक्त प्रमाण कळतं. यकृतानं एकूण किती उचललं हे काढायला रक्ताचा वेगही मोजावा लागतो.

खरी अडचण नुकत्याच व्यायलेल्या गाईत येते. दूध एकदम वाढतं, खाणं तेवढं वाढत नाही. अंगावरची चरबी वितळून यकृतात साठते. चरबीनं भरलेलं यकृत लहरी गिळून टाकतं, पडद्याचा खोलवरचा भाग अंधारतो आणि शिरांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. त्यातच आजारी यकृतात रक्त गोठवणारे घटकही कमी बनू शकतात, म्हणून सुई घालण्याआधी रक्त किती वेळात गोठतं ते बघावं लागतं. जिच्या यकृताचा हिशेब सगळ्यात तातडीनं हवा असतो, नेमक्या त्याच गाईच्या शिरा सगळ्यात धूसर दिसतात.